पडद्यावरची मोटार



तुमच्या घरी मराठी कागद कोण वाचतो? वीजबिलामागची सूचना, महापालिकेची नोटीस किंवा तहसील कचेरीतला दाखला घरी आला, की पुष्कळ घरांत अब्बा किंवा अम्मी तो तुमच्याच हाती देतात आणि म्हणतात, "ज़रा पढ़ो तो, क्या लिखा है?" म्हणजे घरातला मराठीचा मुन्शी तुम्हीच. आज आपण अशाच एका मुन्शीगिरीचा पाठ घेणार आहोत. मोबाइलच्या पडद्यावर जाहिरात पाहून जुनी मोटार विकत घ्यायची असेल, तर काय वाचावे, काय विचारावे आणि कोणत्या कागदावर बोट ठेवावे, ते पाहू.

समजा, तुमचे एक मामू मालेगावात राहतात. यंत्रमागावर काम करतात. नानीजानला दर महिन्याला तपासणीसाठी नाशिकला न्यावे लागते. अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. एस. टी.ची पायरी चढताना नानीजानचे गुडघे ऐकत नाहीत, आणि दर वेळी भाड्याची गाडी करणे परवडत नाही. मुमानींनी चार वर्षे भिशी भरली आणि २,४०,००० रुपये जमवले. नवी मोटार त्यात येत नाही, जुनी येऊ शकते. ही रक्कम गेली तर पुन्हा जमायला आणखी चार वर्षे लागतील. हे लक्षात ठेवून पुढचा पाठ वाचा.

एके रात्री मामूंना मोबाइलवर ही जाहिरात दिसते :

"विकणे आहे. सात आसनी मोटार. मॉडेल २०१६. नंबर एम. एच. १०. एकहाती वापर. फक्त ४२,००० कि. मी. पेट्रोल व सी. एन. जी. कागदपत्रे ओके. विमा चालू. मालकाची बदली झाल्यामुळे तातडीने विक्री. किंमत २,४०,००० रुपये. आधी इसार देणाऱ्यास प्राधान्य."

सोबत आठ छायाचित्रे. गाडी नुकती धुतलेली, चकचकीत. मामू खूश झाले. आता तुम्ही ही जाहिरात पुन्हा एकदा, शब्दाशब्दाला थांबून वाचा. जाहिरातीतला प्रत्येक शब्द विकणाऱ्याचा असतो, हे विसरू नका.

"एम. एच. १०" म्हणजे गाडीची पहिली नोंदणी सांगलीच्या कार्यालयात झाली. महाराष्ट्रात प्रत्येक परिवहन कार्यालयाला असा क्रमांक आहे. मालेगावचा ४१, नाशिकचा १५, पुण्याचा १२, ठाण्याचा ०४. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी गाडीचा क्रमांक बदलत नाही. म्हणून क्रमांकावरून गाडीचे जन्मगाव कळते, आजचा पत्ता कळत नाही. पण सांगली हे नाव वाचताच एक प्रश्न मनात यायला हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर भागात मोठा महापूर आला होता. त्या वेळी ही गाडी कोठे उभी होती? सांगलीची प्रत्येक गाडी पुरात बुडाली असे मुळीच नाही. प्रश्न मात्र विचारायचा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडला पुराने वेढले. अशा प्रत्येक पुरात मोटारी पाण्याखाली जातात. त्यांतल्या काही धुऊन, पुसून पुन्हा बाजारात येतात. छायाचित्रात पाणी दिसत नाही.

"मॉडेल २०१६" हेही तपासायचे. गाडी कारखान्यात तयार झाली तो महिना वेगळा आणि तिची नोंदणी झाली ती तारीख वेगळी. दोन्ही नोंदी नोंदणी प्रमाणपत्रावर असतात. खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्या दिवसापासून १५ वर्षे चालते. पुढे गाडीची तपासणी करून ती पाच पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. तेव्हा २०१६ची गाडी घेताना मामूंनी पहिल्या मुदतीची किती वर्षे उरली आहेत, हे बोटांवर मोजायचे.

"फक्त ४२,००० कि. मी." आता थोडे गणित करा. गाडी दहा वर्षे चालली असे धरले, तर वर्षाला ४,२०० कि. मी. होतात. महिन्याला ३५०. म्हणजे रोज साधारण बारा कि. मी. हे अशक्य नाही. आठवड्यातून एकदाच बाहेर निघणारी गाडी असू शकते. पण सात आसनी, सी. एन. जी.वर चालणारी गाडी कोणी कपाटात ठेवायला घेत नाही. गॅसचा खर्च लोक जास्त फिरण्यासाठीच करतात. मीटरवरचा आकडा मागे नेता येतो, हे गॅरेजमधला पोरगाही सांगेल. म्हणून मीटरपेक्षा सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्या मागा. प्रत्येक पावतीवर तारीख आणि त्या दिवशीचा मीटर असतो. २०१९च्या पावतीवर ५८,००० आणि आज मीटरवर ४२,००० असेल, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. पावत्या नसतील तर पायाखालचे पॅडल पाहा. ब्रेकच्या पॅडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, स्टिअरिंगचे कातडे चकाकत असेल आणि चालकाची गादी एका बाजूने बसली असेल, तर गाडीने आपले वय स्वतःच सांगितले असे समजा.

"पेट्रोल व सी. एन. जी." गॅसची टाकी कारखान्यातूनच आली की नंतर बसवली? नंतर बसवली असेल तर त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर झालेली हवी. नोंद नसेल तर ते बेकायदा आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीशी वाद ठरलेलाच. शिवाय या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. तिचे प्रमाणपत्र मागा. नानीजान ज्या गाडीत बसणार, तिच्या डिकीतली ही टाकी आहे. येथे संकोच करू नका.

आता "कागदपत्रे ओके". जाहिरातीतले हे सर्वांत छोटे वाक्य आहे आणि आपला सर्वांत मोठा अभ्यास याच वाक्याचा आहे.

मोटारीचा मुख्य कागद म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. लोक त्याला आर. सी. बुक म्हणतात. आता ते पुस्तक राहिलेले नाही, पत्त्याच्या पानाएवढे कार्ड असते, पण नाव टिकले आहे. त्यावर मालकाचे नाव, पत्ता, हा कितवा मालक, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, इंधन आणि आसनसंख्या असते. "एकहाती वापर" खरे की खोटे, हे मालकाच्या अनुक्रमांकावरून कळते. तेथे ३ असेल तर गाडी तीन हातांतून गेली आहे.

चासी क्रमांक सतरा अक्षरे-अंकांचा असतो. तो गाडीच्या लोखंडावर ठोकलेला असतो. कार्डावरचा क्रमांक आणि लोखंडावरचा क्रमांक एकेक अक्षर मिळवून पाहा. एकाने वाचायचे, दुसऱ्याने बोट ठेवायचे. ते आकडे वाकडेतिकडे, खरवडलेले किंवा आजूबाजूला नवा रंग दिलेले दिसले, तर गाडी चोरीची असू शकते. आणि चोरीची गाडी विकत घेणाऱ्याची होत नाही. १९३०च्या मालविक्री कायद्याचा नियम सरळ आहे : जे आपले नाही, ते दुसऱ्याला आपले म्हणून देता येत नाही. मामूंनी पूर्ण पैसे मोजलेले असले तरी पोलीस गाडी घेऊन जातील.

केंद्र सरकारच्या परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर आणि एम-परिवहन या मोबाइल ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत अशी माहिती दिसते. मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, काही अक्षरे झाकलेली असतात. तरी ताडून पाहायला तेवढे पुरते. गाडीवर न भरलेला वाहतूक दंड आहे का, तेही तपासता येते. विकणारा क्रमांकच सांगत नसेल, छायाचित्रात पाटी झाकत असेल, तर विचारा. काही जण भीतीपोटी झाकतात, तेही खरे. पण गंभीरपणे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला क्रमांक सांगायला काय हरकत आहे?

आता एक शब्द शिकू : तारण. उर्दूत तुम्ही "रहन" म्हणता, मराठीत "गहाण" हाही शब्द आहे. मोटार कर्जावर घेतली असेल तर ती बँकेकडे तारण असते आणि नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेचे नाव लागते. सगळे हप्ते फिटले तरी ते नाव आपोआप पुसले जात नाही. बँकेचे नाहरकत प्रमाणपत्र आणि नमुना ३५ भरून परिवहन कार्यालयातून ती नोंद काढून घ्यावी लागते. (येथे "हप्ता" शब्दाकडे पाहा. उर्दूत हफ़्ता म्हणजे सात दिवस. मराठीत हप्ता म्हणजे उर्दूतली क़िस्त. एखाद्या कागदावर "तीन हप्ते बाकी" असे वाचून तुम्ही मामूंना "तीन हफ़्ते बाक़ी" असे सांगितलेत, तर केवढा घोटाळा होईल!) ज्या गाडीवर बँकेचे नाव आहे, तिचे पैसे मालकाच्या हाती देऊ नयेत. "मी नंतर कर्ज फेडतो" या शब्दावर तर नाहीच. आधी कर्ज फिटावे, नोंद निघावी, मग व्यवहार. घाई असेल तर मालकाबरोबर बँकेत जावे, उरलेले कर्ज किती ते बँकेच्या माणसाकडून लेखी घ्यावे आणि तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी.

विकणारा माणूस आणि प्रमाणपत्रावरचा मालक एकच आहे का? "गाडी भावाची आहे, मी विकतोय" असे ऐकायला मिळते. मग भावाला भेटा. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी, त्यासाठी नमुना ३१ आहे. परराज्यातली गाडी असेल तर तेथल्या कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्र लागते, तो नमुना २८. महाराष्ट्रात आणल्यावर येथला कर भरावा लागतो आणि नवा क्रमांक मिळतो. स्वस्तात मिळालेली बाहेरची गाडी कराचा आकडा जोडल्यावर पुष्कळदा स्वस्त राहत नाही.

नाव बदलण्याचे मुख्य अर्ज दोन आहेत, नमुना २९ आणि नमुना ३०. बाजारात त्यांना टी. टी. फॉर्म म्हणतात. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी राज्यातच विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. येथे दलालांची एक जुनी खोड आहे. ते मालकाकडून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवतात. घेणाऱ्याचे नाव रिकामे. ती गाडी मग हातोहात फिरते, कागदावर मात्र पहिलाच मालक राहतो.

यात काय बिघडते, असे तुम्हांला वाटेल. एक खरी घटना सांगतो. एका माणसाने २००७ साली आपली मोटार विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. नोंदणी पुस्तकात नाव पहिल्याचेच राहिले. २००९ साली ती मोटार मागे घेताना अपघात झाला, एक मुलगा दगावला. भरपाई कोणी द्यायची? पहिला मालक म्हणाला, मी तर गाडी केव्हाच विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१८ साली न्यायालयाने निकाल दिला की ज्याचे नाव सरकारी नोंदीत आहे तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचा बोजा त्याच्या डोक्यावर आला. तुमच्या घरची जुनी गाडी किंवा स्कूटर कोणाला दिली असेल आणि नाव बदलले नसेल, तर आज घरी गेल्यावर अब्बांना हे जरूर सांगा.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले. व्यापाऱ्याने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यायचे आणि मालकाने गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची नोंद संकेतस्थळावर करायची. मग गाडी विकली जाईपर्यंत जबाबदारी व्यापाऱ्याची. गाडी दुकानातून किंवा मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घेत असाल, तर अधिकारपत्र आहे का, हे विचारायला लाजू नका. कंपनीकडून घेण्याचा एक फायदा असा की पावती मिळते आणि तक्रार ग्राहक आयोगाकडे नेता येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. एखाद्याने आपली घरची एकच गाडी विकली, तर तो व्यापारी नसतो आणि तेथे ग्राहक कायदा फारसा उपयोगी पडत नाही. किंमत मात्र कंपनीकडे जास्त पडते. मामूंनी दोन्ही ठिकाणचे भाव पाहावेत.

"विमा चालू." कोणता विमा? रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या गाडीचे नुकसान भरून देणारा विमा वेगळा. गाडी विकली की सक्तीचा विमा नव्या मालकाकडे आला असे कायदा मानतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही. विमा कंपनीला १४ दिवसांत अर्ज करून नाव बदलून घ्यावे. नाही तर मामूंची गाडी ठोकली आणि विमा जुन्या मालकाच्या नावावर, असा प्रसंग येतो.

आता जाहिरातीची शेवटची ओळ पाहा. "बदली", "तातडीने" आणि "इसार" हे तीन शब्द तेथे एकत्र आले आहेत.

इसार म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी आधी दिलेली थोडी रक्कम. तुम्ही बयाना म्हणता. उर्दूत "ईसार" हाही शब्द आहे. त्याचा अर्थ स्वतःचे सोडून दुसऱ्याला देणे, त्याग. जाहिरातीतला इसार पाठवताना तो उर्दूतला ईसार होऊ नये, एवढे जपा.

फसवणुकीची पद्धत बहुधा अशी असते. विकणारा फोनवर सांगतो की मी लष्करात आहे, माझी दूर बदली झाली. तो गणवेशातले छायाचित्र आणि ओळखपत्रही पाठवतो. ते दुसऱ्याच कोणाचे असते. किंमत बाजारभावापेक्षा कमी असते. गाडी पाहायला येतो म्हटले तर म्हणतो, "गाडी छावणीत आहे, आत सोडणार नाहीत. मी वाहतुकीने घरपोच पाठवतो. तुम्ही फक्त वाहतुकीचे पाच हजार भरा." पाच भरले की परत मिळणारी अनामत म्हणून दहा मागतो, मग विम्याचे पंधरा. आधी भरलेले बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. गाडी कधीच येत नाही, कारण ती नसतेच. छायाचित्रे दुसऱ्या जाहिरातीतून उचललेली असतात. देशातल्या अनेक शहरांच्या पोलिसांनी या प्रकाराबद्दल पुन्हा पुन्हा सावध केले आहे. खरे सैनिकही बदलीमुळे गाड्या विकतात. पण खरा सैनिक गाडी दाखवतो.

आपण काही विकत असलो तर उलटी चाल होते. घेणारा म्हणतो, "पैसे पाठवतो, हा चौकोनी संकेत स्कॅन करा आणि पिन टाका." मोबाइलवरून पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो. पैसे गेलेच तर त्याच वेळी १९३० या क्रमांकावर फोन करावा. हा सरकारचा सायबर फसवणुकीसाठीचा क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. लाजेने रात्रभर गप्प बसलेल्या माणसाचे नुकसान पक्के होते.

म्हणून मामूंना सांगा, आधी गाडी पाहा, मग पैशाचे बोला. सांगली मालेगावपासून चारशे किलोमीटरहून दूर आहे. जाण्यायेण्याचा खर्च आणि दोन दिवसांची मजुरी बुडते, हे खरे. २,४०,०००च्या मानाने ती थोडी आहे. जाताना ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, नाही तर तेथला, विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला, मिस्त्री मेहनताना देऊन बोलवावा.

गाडी दिवसा, उन्हात पाहावी. रात्री आणि पावसात सगळ्या गाड्या सुंदर दिसतात. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल तर विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून ठेवली होती. थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होते का, हेच तर पाहायचे असते. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे, आणि तो खर्च मोठा असतो. पत्र्यावर तिरक्या नजरेने पाहावे. एखाद्या दारावर रंग वेगळा दिसला, बोटाने ठोकल्यावर आवाज बद्द आला, तर खाली लांबी भरलेली आहे. वर्गात लांबी म्हणजे रुंदीची बहीण, गॅरेजमध्ये लांबी म्हणजे खड्डा बुजवायचा लगदा. लहानसहान ठोकर शहरातल्या कोणत्या गाडीला लागत नाही? पण बॉनेटखालचे बोल्ट उघडलेले आणि पुढची पट्टी वेल्डिंग केलेली असेल, तर मोठा अपघात झाला होता.

पुराची परीक्षा अशी. चालकाच्या बाजूचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. नेहमी आत गुंडाळून राहणाऱ्या भागावर चिखलाची रेघ असते. लोक गादी धुतात, पट्टा आतपर्यंत धुवायचे विसरतात. पायाखालचे कार्पेट उचलून वास घ्या. गादीखालच्या लोखंडी पट्ट्या गंजल्या आहेत का, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. स्टेपनीवर बहुधा जुनीच तारीख मिळते.

सगळे मनासारखे झाले, भाव ठरला, आता पैसे. मामू म्हणतील, रोख देऊन टाकू. तसे करता येणार नाही. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रुपये रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. पैसे बँकेतून द्यावेत आणि ते ज्याचे नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे त्याच्याच खात्यात जावेत. मेहुण्याच्या किंवा मित्राच्या खात्यात नको. दोघांच्या सह्यांची पावती करावी. तिच्यावर गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक, रक्कम आणि ताबा दिल्याची तारीख लिहावी. तारखेबरोबर वेळही लिहावी. सकाळी अकरा वाजता जुन्या मालकाने सिग्नल तोडला आणि मामूंना गाडी दुपारी दोनला मिळाली, तर तो दंड कोणाचा, हे त्या एका ओळीवर ठरते.

नमुना २९ आणि ३० विकणाऱ्यासमोर पूर्ण भरून, घेणाऱ्याच्या नावासह, सह्या घ्याव्यात. कागदावर शिक्का लागतो तो कचेरीचा. उर्दूतला सिक्का खिशात वाजतो, मराठीतला शिक्का कागदावर बसतो. हा शिक्का बसून, मामूंचे नाव चढून नवे कार्ड पत्त्यावर येईपर्यंत ती पावती आणि फॉर्मच्या नकला मुमानींच्या पेटीत ठेवाव्यात, जेथे चार वर्षे भिशीची वही होती.

स्वाध्याय

१. पाठातील जाहिरात पुन्हा वाचा. मामूंनी फोनवर विकणाऱ्याला विचारावेत असे सहा प्रश्न मराठीत लिहा. ("आपण", "कृपया" हे शब्द वापरा.)

२. हप्ता, शिक्का, इसार, लांबी या शब्दांचे दोन-दोन अर्थ लिहा आणि प्रत्येक अर्थाचे एक वाक्य करा.

३. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र मोठ्या माणसांची परवानगी घेऊन पाहा. त्यावर बँकेचे नाव आहे का? मालकाचा अनुक्रमांक काय आहे? ही माहिती वर्गात सांगू नका, घरी अम्मी-अब्बांना मराठीत वाचून दाखवा.

४. एक गाडी आठ वर्षांत ९६,००० कि. मी. चालली. महिन्याला सरासरी किती कि. मी. झाले?

५. ताबा दिल्याच्या पावतीचा नमुना तयार करा. वेळ लिहायला विसरू नका.

६. तुमच्या जोडीदाराबरोबर संवाद सादर करा : एकाने घाई करणारा विक्रेता व्हावे, दुसऱ्याने गाडी पाहिल्याशिवाय इसार न देणारी मुमानी.